उत्तरेची शीव

मामंजी, काल संध्याकाळी टीव्हीवर उत्तरेच्या सरहद्दीची बातमी लागली आणि माझा हात आपोआप पदराकडे गेला. घरात वडीलधारं म्हणावं असं आता कुणी उरलेलं नाही. सगळ्यांत म्हातारी मीच, तुम्ही गेलात तेव्हा तुम्ही होता त्याहूनही म्हातारी. तरी पडद्यावर बर्फाचे डोंगर दिसले की मी डोक्यावरून पदर ओढून घेते आणि दाराकडे अर्धी पाठ करून बसते, जणू बाहेर सोप्यात तुम्ही भिंतीला टेकून बसला आहात आणि मला आता वाचायला सुरुवात करायची आहे. काल चार चौकटींत चार माणसं एकाच वेळी ओरडत होती. एक म्हणत होता बोलणी करा, दुसरा म्हणत होता व्यापार वाढवा म्हणजे सगळं आपोआप मिटेल. मी नातवाला म्हटलं, आधी शीव ठरवा म्हणावं, मग काय ती सोयरीक करा. तो म्हणाला, "आजी, तू फारच जुन्या वळणाची आहेस." असेन. पण ते बोलणं माझं नव्हतं, तुमचं होतं, आणि माझ्या तोंडून निघताना आवाजही तुमच्यासारखाच खरखरीत आला. त्या आवाजाला मी दचकले, म्हणून आज हे लिहायला बसले आहे.

तुमच्या घरात मी इतकी वर्षं वावरले, पण तुमच्याशी माझं स्वतःचं असं एकदाच बोलले, तेही दोन शब्द. सुनेनं सासऱ्यापुढे यायचं नाही, आलीच तर पदर नाकापर्यंत, आणि बोलायचं तर मुळीच नाही. काही सांगायचं झालं तर आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगायचं. त्या घरात नसतील तर गोठ्यातल्या म्हशीला. "म्हशे, जेवण वाढलंय गं," असं मी स्वयंपाकघरातून म्हणायचे आणि तुम्ही हात धुवायला उठायचात. आजच्या पोरींना मी हे सांगते तेव्हा त्या हसून हसून लोळतात, मग डोळे पुसून म्हणतात, किती जाच. मला जाच वाटला नव्हता. घराला एक रीत असते, ती पाळली की माणसाला आपली जागा कळते, असं मी तेव्हाही मानत होते आणि आजही मानते. फक्त एका बाबतीत माझं मन तुमच्या त्या रीतीशी अजून भांडतं, आणि ते भांडण मिटत नाही.

मी वालचंदनगरच्या क्वार्टरात वाढलेली. वडील कारखान्यात फिटर, भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं, शाळा दाराशी. सातवी झाले आणि तुमच्या घरी वरकुट्याला आले. तुमच्या घराण्यात पाटी धरलेली बाई मी पहिलीच. मेंढरं तेव्हा कमी होत होत गोठ्याच्या एका कोपऱ्यात मावतील एवढी राहिली होती. पाटाचं पाणी येईल तेव्हा वांगी, मिरची, थोडा ऊस, असं नवं सुरू झालं होतं. भाजी घेऊन तुम्ही बारामतीच्या बाजाराला जायचात आणि येताना अडत्याकडची वाचून झालेली वर्तमानपत्रं गठ्ठा बांधून आणायचात. गावाला वाटायचं, आबा पुड्या बांधायला रद्दी आणतात. आधी शाळेतले मास्तर तुम्हाला ती वाचून दाखवायचे. त्यांची बदली झाली आणि गठ्ठे तसेच पडून राहिले. मग एक दिवस तुम्ही गोठ्याकडे तोंड करून मोठ्यानं म्हणालात, "म्हशे, तुज्या मालकिणीला वाचता येतं म्हनं." मी चुलीपुढे भाकरी थापत होते. हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली.

तेव्हापासून आपली बैठक ठरली. तुम्ही बाहेर सोप्यात, मी उंबऱ्याच्या आत, मध्ये भिंत. खालचा अंक आधी वाचायचा, वरचा शेवटी, हा तुमचा नियम. आठवड्याची बातमी शिळी असायची, शेवटच्या अंकात काय झालं ते पाहायला माझा जीव टांगणीला लागायचा, पण तुम्ही बधायचा नाहीत. "पुढचं आदी वाचायचं न्हाय. जसं घडलं तसं येऊ दे." एकदा एका अंकात बाईच्या अब्रूची काही ओंगळ बातमी होती, ती मी गाळली आणि पुढच्या मजकुरावर उडी मारली. मजकुराचा सांधा तुटलेला तुम्हाला ऐकूनच कळला. तुम्ही भिंतीवर बोटांनी टकटक केली. "गाळू नको. जे हाय ते वाच. जग कसं हाय ते आमाला ठरवू दे." त्या सगळ्या वर्षांत तुम्ही मला एवढंच एकदा रागे भरलात. मला राग आला होता, पण पुढे मी कधी काही गाळलं नाही.

स्वयंपाकघरात उजेड कमी. मी डोळे ताणून वाचते हे तुम्हाला आवाजावरून कळलं असेल, कारण तुम्ही आत कधी आला नाहीत. मी माहेरी गेले होते, परत आले तर चुलीच्या बाजूची भिंत फोडून हातभर खिडकी पाडलेली. आत्याबाई धुसफुसत होत्या. "चांगली भिंत फोडली. धूर जाया म्हनं भोक पाडलं. इतकी वर्सं धूर कुठं जात हुता?" तुम्ही बाहेर मेंढराची लोकर पिंजत बसला होतात, जसं काही झालंच नाही. इतक्या जुन्या विचाराच्या माणसानं सुनेच्या वाचण्यासाठी घराची भिंत फोडावी, हे मी पुढे कितीतरी शिकलेल्या घरांत पाहिलं नाही. त्या खिडकीतून पानावर पडणारं ऊन मला आजही दिसतं. मी वाचते आहे, माझ्या हातावर मिरचीचा तिखट वास आहे, आणि बाहेर तुम्ही हुंकार भरताय.

तुमचे हुंकारही मला ओळखू यायला लागले होते. सुएझच्या कालव्याची बातमी आली तेव्हा तुम्ही एकदम ताठ बसलात, कारण पाट म्हटलं की आपल्या भागातल्या माणसाचा जीव तिथं अडकतो. आपण पाटाच्या शेपटीला, वरच्यांनी दारं उघडी ठेवली की आपल्याकडे थेंब नाही. "कुणाचा पाट? खणला कुणी? वरच्या अंगाला कोन हाय?" तुम्ही म्हशीला विचारत होता. मी म्हशीला सांगितलं, त्यात शेताच्या पाळीचं पाणी नसतं, जहाजं जातात. तुम्हाला ते काही पटलं नाही. कितीतरी दिवस तुम्ही त्या कालव्याची दारं उघडणारा पाटकरी कोण आणि तो पैसे खातो का याचीच चौकशी करत होता, आणि मी पदरात तोंड घालून हसत होते. पण हंगेरीत रशियाचे रणगाडे शिरले ती बातमी वाचली तेव्हा तुम्ही हसू दिलं नाहीत. पेपरात लिहिलं होतं की ते तिथल्या सरकारच्या मदतीला आलेत. "मदतीला आलेला बाहीर किती दिसानं जातो ते बघायचं," तुम्ही म्हणालात. "आन् आपलं दिल्लीचं सरकार काय म्हणतंय त्यावर?" मी पानं उलटली. आपलं सरकार फारसं काही म्हणत नव्हतं. तुम्ही म्हणालात, दुसऱ्याचं घर जळताना जो शब्द जपून वापरतो त्याला आपलं घर जळताना शेजारी मिळत नाही. मला तेव्हा ते फार कडक वाटलं होतं.

आणि बिरोबाची भाकणूक. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी देवळापुढे ढोल लागायचे, भंडाऱ्यानं आभाळ पिवळं व्हायचं, आणि तुमच्या अंगात वारं आलं की पुढच्या वर्षाचा पाऊस, ज्वारीचा भाव, रोगराई, राजाची गादी, सगळं तुमच्या तोंडून निघायचं. तुमच्या आधी तुमचे वडील सांगायचे. सांगून झालं की त्याचा अर्थ सांगणाऱ्याला विचारायचा नाही, ही गावाची शपथच होती. बोलला तो देव, माणसाला त्यात गुंतवायचं नाही. सुएझच्या त्या वर्षी दसऱ्याला तुम्ही म्हणालात, "समुद्राच्या पाटावर लढाई जुंपंल." आणि दिवाळीच्या सुमारास ती खरोखर जुंपली. गावानं कानाला हात लावले. मला मात्र आषाढापासून भिंतीआडून मीच वाचलेलं सगळं आठवत होतं. यांना, म्हणजे तुमच्या लेकाला (नाव मी अजून घेत नाही), मी शेतात मिरच्या तोडताना ते सांगितलं. हे कमरेवर हात ठेवून हसत सुटले. "म्हंजी तू देवाची मास्तरीन की गं!" मीही हसले. तुम्ही ढोंग करता असं आम्हाला एक क्षणही वाटलं नाही. विहिरीत पाणी कुठूनतरी झिरपतच येतं, तसं ते असेल, एवढंच वाटलं.

हे पलटणीत गेले ते तुमच्या शब्दावरून. आत्याबाईंचा विरोध होता, एकुलता लेक. तुम्ही म्हणालात, मेंढरांच्या तळावर राखणीची पाळी प्रत्येक घराला येते, तशी ही देशाच्या तळावरची पाळी, ज्याच्या घरातून गडी जात नाही त्यानं लांडग्याच्या नावानं ओरडू नये. मला ते आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. नवरा गणवेशात कसा दिसेल हेच माझ्या डोक्यात होतं. आणि तेव्हा तर उत्तरेकडच्या शेजाऱ्याशी भाऊ-भाऊ म्हणायचे दिवस. पेपरात फोटो यायचे, मोठी मोठी माणसं गळ्यात गळे घालून उभी. फोटोत काय आहे ते मी म्हशीला सांगायचे. तुमचा हुंकार यायचा नाही. एकदाच तुम्ही म्हणालात, "भाऊ म्हनायच्या आदी शीव घातलीय का दोघांनी? दगड कुठं हायती?" मग तिबेटच्या लामाला परागंदा व्हावं लागल्याची बातमी आली. ती मी वाचली आणि तुम्ही एवढंच विचारलं, त्याच्या देवळात आता दिवा कोण लावतं. हे पेपरात नव्हतं.

त्याच वर्षी पावसाळ्यात पुढारी जीपमधून आला. इंदापूरच्या बाजूचा, तुम्हाला आबा आबा करणारा. सगळ्यांची शेतं एक करायची, बांध मोडायचे, सरकारी कर्जावर ट्रॅक्टर फिरवायचा, असं दिल्लीहून निघालं होतं आणि त्याला ते गावोगाव पटवायचं होतं. मी आतून चहा दिला. तो म्हणाला, "आबा, लोक तुमचं ऐकत्यात. औंदाच्या भाकणुकीत देवाच्या तोंडून जरा सरकारचं बी चांगलं येऊ द्या की." तुम्ही चहा बशीत ओतत होता. "देवाच्या तोंडात मी घास घालत न्हाय." तो हसला. "घालू नका. पर चार बांध मोडले तर देवाचं काय जातंय?" तुम्ही म्हणालात, "गायरान समद्यांचं हुतं. आज त्याच्यावर कुसळं हायती आन् चार पुढाऱ्यांची खोपटं. माजा बांध माजा हाय म्हणून मी त्याच्यावर बाभळ लावतो. उद्या समद्यांचा झाला तर कोन लावंल, तुमी?" चहा न पिता तो गेला. मला फार बरं वाटलं होतं. आज ती सामुदायिक शेती कुठं आहे, विचारा. बांध आहेत तिथंच आहेत.

भाद्रपदात पेपरात पूर्वेच्या सरहद्दीवर चौकी गेल्याची, गोळीबार झाल्याची बातमी होती. त्यात बर्फाचा उल्लेख होता. तुम्ही म्हशीला विचारलंत, "बरफ म्हंजी किती गार आसतो गं?" तुम्हाला गारांशिवाय दुसरं माहीत नव्हतं आणि मलाही. मी म्हटलं, म्हशे, गारा पडल्या की हाताला लागतं तसं, पण ते उन्हाळ्यातही जात नाही म्हणे.

दसऱ्याला हे रजेवर आले होते. त्या दिवसाकडे मी कितीही वेळा गेले तरी तो मला आज चालू असल्यासारखाच दिसतो. हे देवळाच्या खांबाला टेकून उभे आहेत, कपाळावर भंडारा, मित्रांच्या खांद्यावर हात. पुढारी पहिल्या रांगेत आहे. मी बायकांच्यात, आत्याबाईंच्या मागे. ढोल थांबतो. तुमचे डोळे कुणावरही नाहीत. "मघा भरून पडतील. जुंधळा पिकंल, भाव मोडंल. बांध मोडा म्हनतील, मोडू नगा." पुढारी खाली बघतो, लोक हसतात. "उत्तरंची शीव पेटंल. भाऊ म्हणून आला त्यो भाऊ न्हाय." आणि मग तुम्ही थांबता. घोंगडं खांद्यावरून घसरतं. "ह्या गावचा लेक बरफात निजंल."

पलटणीत गेलेला गावात एकच होता. कुणी यांच्याकडे बघितलं नाही, आणि सगळे यांच्याकडेच बघत होते हे मला दिसत होतं. आत्याबाईंनी माझा हात धरला, तो इतका घट्ट की बांगडी वाढली, आणि तो अपशकुन आम्हा दोघींनाही कळला. हे हसण्याचा प्रयत्न करत होते. तुम्ही जमिनीवर पडलात, लोकांनी तोंडावर पाणी मारलं, आणि उठून बसलात तेव्हा तुमचा चेहरा कोऱ्या पाटीसारखा होता.

घरी आत्याबाईंनी तुमचे पाय धरले. "त्याला जाऊ देऊ नगा. तुमच्याच तोंडून देव बोललाय." तुम्ही म्हणालात, "काय बोलला मला ठावं न्हाय. मला कुनी सांगू बी नगा." पण तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही ताटावर बसलात आणि घास हातातच राहिला, हे मी दारातून पाहिलं. मी वाट पाहत होते. तुम्ही एक शब्द बोलला असता तर हे थांबले असते, पलटण गेली चुलीत. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की मामंजी, तो देव नाही, तो मी भाद्रपदात वाचलेला पेपर आहे, बर्फ मीच सांगितला, विसरून जा. पण भाकणुकीबद्दल तुम्हाला विचारायचं नाही ही गावाची रीत, आणि तुमच्याशी बोलायचं नाही ही माझी. दोन्ही रीतींनी मिळून माझं तोंड शिवलं.

रजा संपली. एसटी रस्त्यावर थांबायची, तिथपर्यंत तुम्ही यांच्यासोबत चालत गेलात. मी मागे आत्याबाईंबरोबर. तुम्ही यांच्या कपाळाला भंडारा लावायला गेलात आणि तो यांच्या डोळ्यांत गेला. हे डोळे चोळत म्हणाले, "आबा, डोळं फोडता काय?" तुम्ही हसला नाहीत. "राखनीला गेलेला गडी तळ सोडून येत न्हाय," एवढंच म्हणालात. त्या दिवशी मी तुमचा द्वेष केला, मामंजी. मनातल्या मनात, पदराआड.

पुढच्या बाजाराहून तुम्ही आलात ते तिन्हीसांजेच्या आधीच, भाजी कवडीमोलानं टाकून. गठ्ठा सोडला आणि म्हणालात, "म्हशे, आज वरचा आदी." तुमचा नियम तुम्हीच मोडला. मी वरचा अंक उघडला. लडाखच्या बाजूला गस्तीवरची आपली माणसं मारली गेली होती. मी वाचत होते आणि बाहेरून हुंकार येत नव्हता. मग सावली पडली. तुम्ही उंबऱ्याशी उभे होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी तोंड झाकलं. तुम्ही म्हशीला नाही, मला विचारलंत, "त्याचं नाव हाय का गं पोरी त्यात?" नावं छापलीच नव्हती. मेलेले पोलीस होते, पलटणीतले नव्हते. एवढं सगळं सांगायला हवं होतं. माझ्या तोंडून "न्हाय, मामंजी" एवढंच निघालं. तुमच्याशी बोललेले माझे तेवढेच दोन शब्द. तुम्ही मान हलवलीत, परत भिंतीशी जाऊन बसलात आणि म्हणालात, पुन्हा वाच. त्या वेळी माझा राग गेला. तुम्हालाही माझ्याइतकंच काही माहीत नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

पौषात गार पडलं. तुम्ही घोंगडं घेणं सोडलंत. सोप्यातलं अंथरूण उचलून अंगणात उघड्यावर नेलंत. आत्याबाई अंगावर घोंगडं टाकायच्या, तुम्ही काढून बाजूला ठेवायचात. त्यांना वाटलं म्हातारपणाचा हट्ट. पहाटे मी धार काढायला उठले तर तुम्ही अंगणात बसलेले, बंडीसुद्धा काढलेली, देवळाच्या दिशेनं तोंड. तुमचे दात वाजत होते आणि तुम्ही कुणाशी तरी व्यवहार करावा तसे शांतपणे बोलत होता. "हितं बरफ न्हाय, पर थंडी हाय. घ्यायचं तर मला घे. त्यो राखनीला गेलाय." मी चरवी घेऊन तशीच मागे फिरले. सांगायला आत्याबाईंकडे गेले, पण त्यांनी माझ्याकडे बघूनच मान फिरवली. त्याही ऐकून होत्या. दोघींनी मिळून तुम्हाला आत ओढून आणायला हवं होतं असं आजची कुणीही म्हणेल. देवाशी बोलणाऱ्या माणसाला आम्ही कशा ओढणार? तुमच्या छातीत कफ भरला, बारामतीच्या डॉक्टरकडे जायला तुम्ही नाही म्हणालात, आणि माघात गेलात. यांना तार उशिरा पोचली.

पुढचं सगळं तुम्ही सांगितलं तसंच झालं. तुम्ही गेल्यावर तिसऱ्या वर्षी उत्तरेची शीव पेटली. भाऊ म्हणून आलेला भाऊ नव्हता. दिल्लीत शहाण्यासुरत्या माणसांनी तोंडात बोटं घातली आणि म्हणाले, आम्हाला वाटलंच नव्हतं. वरकुट्याच्या एका मेंढपाळाला शिळे पेपर ऐकून वाटलं होतं. नातू म्हणतो भाकणूक ही अंधश्रद्धा. असेल बाबा. पण शीव न आखता गळ्यात गळे घालणं ही कोणती श्रद्धा होती, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. त्या हिवाळ्यात यांचं पत्र येईना. मी आता स्वतःपुरते पेपर वाचत होते, वरचा आधी, आणि प्रत्येक पानावर तुमचं तेच एक वाक्य दिसत होतं, ह्या गावचा लेक बरफात निजंल.

आणि हे आले. एसटीतून उतरले, काठी टेकत, डाव्या पायाची दोन बोटं बर्फानं नेलेली. पण आले. तीस वर्षांहून अधिक जगले, मिरची लावली, डाळिंब लावलं, दोन पोरं वाढवली. गाव म्हणालं, बिरोबानं लेकाच्या बदल्यात बाप घेतला, आबांनी सौदा जिंकला. तुमच्या समाधीवर आता पत्र्याचं छप्पर आहे, लोक नवस बोलतात. हे मात्र पुन्हा कधी भाकणुकीला उभे राहिले नाहीत. एकदाच, पायाला तेल लावताना, यांनी मला विचारलं, "आबांनी माज्याकडं बघून म्हटलं हुतं का गं ते?" मी म्हटलं, नाही, त्यांचे डोळे कुणावरच नव्हते. यांनी मान हलवली, तुमच्यासारखीच.

मी मात्र तिथंच अडकून पडले आहे. तो देव होता तर गाव म्हणतं ते खरं, तुम्ही लेकाला सोडवून आणलंत. तो पेपर होता तर यांना काही होणारच नव्हतं, आणि तुम्ही माझ्या आवाजात ऐकलेल्या एका बातमीपायी उघड्यावर गारठून मेलात. मी काही चुकले असं मला वाटत नाही. जे आहे ते वाच, असं तुम्हीच सांगितलं होतं. पण कधी मला एक खरं वाटतं, कधी दुसरं, आणि दोन्ही वेळा अंगणातले ते वाजणारे दात ऐकू येतात. हे आले त्या दिवशी आम्ही समाधीवर नारळ फोडायला गेलो. मला त्या मातीवर ओणवं होऊन सांगायचं होतं, मामंजी, आले बघा, चालत आले. पण आत्याबाई होत्या, हे होते, चार माणसं होती, आणि सासऱ्यापुढे सुनेनं बोलायचं नसतं. मी पदर नाकापर्यंत ओढून उभी राहिले. ती एकच बातमी तुमच्यासाठी माझी स्वतःची होती, आणि ती मी आत गिळली.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही, आणि मोठ्यानं वाचायला माझा आवाज आता टिकत नाही. एक तेवढं कबूल करते. दसऱ्याला भाकणूक सुरू झाली की मी दोन्ही कानांवर हात ठेवते. घरचे म्हणतात, म्हातारीला ढोल सोसत नाही. ढोलाचं काही नाही, मामंजी. मला भीती वाटते की भाकणुकीतून तुमचा आवाज येईल, तुम्ही अजून तिथंच थंडीत लेकाची वाट बघत बसलेले असाल, आणि मी पुन्हा डोक्यावर पदर ओढून गप्प राहीन.